अकरा मिनिटं

९ जानेवारी

मर्लिस,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र, मागे तीन शब्द. 'सही तू केलीस?' चौदा महिने माझा फोन उचलला नाहीस, आईच्या दफनानंतर कॉफीलासुद्धा थांबली नाहीस, आणि आता सुचले ते तीन शब्द. तिकडे ॲरिझोनात शाई महाग झाली आहे का?

हो, मी केली. आईचं मुखत्यारपत्र माझ्या नावावर होतं, कारण तूच म्हणाली होतीस, 'तू तिथेच आहेस डार्लीन, तुला सोपं पडेल.' सगळं मलाच सोपं होतं. छपरावरचा बर्फ ओढणं मला सोपं. तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा रुग्णवाहिकेमागे गाडी हाकणं मला सोपं. मी जिथे नोकरी करते त्याच वृद्धांच्या होममध्ये तिला ठेवणंही मलाच सोपं. तू फोनवर 'योग्य तेच कर' म्हणून मोकळी झालीस.

तुमच्या दाव्याला होमच्या मालक कंपनीने काय उत्तर दिलंय ते तुमच्या वकीलबाईंनी तुला कळवलं असेलच. आमच्याकडेही त्याची नक्कल फिरली. तुम्ही त्रेसष्ट कुटुंबं मिळून म्हणता की कंपनीने माणसं कमी केली, संध्याकाळी सव्वीस म्हाताऱ्यांमागे एक बाई ठेवली, आणि त्यात आमची माणसं सडली. कंपनी हे खरं की खोटं यावर एक अक्षर बोलत नाही. ती एवढंच म्हणते की ही मंडळी कोर्टात येऊच शकत नाहीत. होममध्ये माणूस भरती केला त्या दिवशीच त्यांनी लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेरच्या निवाड्याचा, करार केलाय. तक्रार असेल तर न्यायाधीश नाही, ज्युरी नाही. बंद खोलीत लवादासमोर बसायचं, आणि तेही एकेकट्याने. दुसऱ्याशी हात मिळवायचा हक्कच सोडलाय.

म्हणजे आधी भांडण त्या कागदाचं, मग आईचं. आणि त्रेसष्टही जणांपुढे तो कागद ठेवणारी मी. अकरा वर्षं भरतीच्या टेबलावर मीच बसते. ते तुला माहीत आहे, म्हणूनच तीन शब्द पुरले.

मी माझं काम करत होते. याहून जास्त मला आज लिहायचं नाही.

डार्लीन


२ फेब्रुवारी

मर्लिस,

तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊस. मी लिहिते, कारण इथे माझ्याशी आता कोणी बोलत नाही.

गुरुवारी चर्चच्या तळघरात विक्रीसाठी मांस-बटाट्याच्या पेस्टी करायला गेले होते. मी आत शिरले आणि बायकांच्या गप्पा थांबल्या. मी कणकेच्या कडा दुमडत बसले. सगळ्यांना माझ्या दुमडीत अचानक खोट दिसायला लागली. एक जण म्हणाली, 'राहू दे गं, तुझ्या हातचं उकलतं.' तीस वर्षांत माझ्या हातची एक पेस्टी उकललेली नाही.

मग म्हातारे ओया डझनभर पेस्टी न्यायला आले. खाणीतले ओया, त्यांची बायको लेम्पी आपल्या आईच्या दोन खोल्या पलीकडे होती, तीही गेली. माझ्यासमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डार्लीन, पोरी, ती वकीलबाई विचारत होती, तुम्ही कागद वाचला होता का. मी म्हटलं, बाई, माझा चष्मा गाडीत होता. डार्लीनने बोट धरलं आणि सही झाली. फार मऊ बोट आहे पोरीचं."

आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा आता तुला सांगतेच, काय व्हायचं ते. माणसं माझ्या टेबलाशी यायची ती इस्पितळातून थेट. तीन-तीन रात्री न झोपलेली, कोटाची बटणं चुकीची लावलेली. आत त्यांची आई नाहीतर नवरा चाकाच्या खुर्चीत बसून घाबरलेला. माझ्याकडे टॅबलेटवर सत्तेचाळीस पानं. पहिल्या पानावर बोटाने सही घ्यायची, मग प्रत्येक पानाखाली 'मान्य' दाबायचं. मी सही घ्यायचे आणि म्हणायचे, "बाकीचं मी बघते. तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसा." आणि पुढची सगळी 'मान्य' मीच दाबायचे. लवादाचं पान एकेचाळिसावं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटायचं, ही माया आहे. लोक माझे हात धरायचे, मर्लिस. नंतर वेलदोड्याचा पाव आणून द्यायचे. आमच्या व्यवस्थापिका मिसेस पेल्टन महिन्याच्या बैठकीत म्हणायच्या, 'आपलं होम शंभर टक्के, एकही कागद अपुरा नाही.' आणि सगळ्यांना पिझ्झा. मी तो खाल्ला आहे.

सरकारचा नियम वेगळाच आहे. तो कागद माणसाला कळेल अशा भाषेत समजावून सांगायचा. सही केली नाही तरी खाट मिळते, हे सांगायचं. केलीच तर तीस दिवसांत मागे घेता येते, हेही सांगायचं. नियमाची ती पिवळी पाटी भिंतीवर लावायला आली होती. ती माझ्या खणात आहे.

सोमवारी मी तुमच्या वकीलबाईंकडे, मिस व्हिटेकरांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पान दाखवलंच नाही, सांगितलंच नाही, बोट दुसऱ्याचं, तर तो करारच नव्हे. शपथेवर सांगाल? मी हो म्हटलं. नोकरी जाईल, तेही त्यांनी सांगितलं. मग विचारलं, तुमच्या आईच्या वेळी?

आईच्या वेळीही तेच झालं. घाई होती, पटापट बटणं दाबली. तूही तेच समज.

डार्लीन


२३ फेब्रुवारी

मर्लिस,

तुझा आवाज ऐकून फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. पंधरा महिन्यांनी तू हसलीस. तेही माझ्यावर: "म्हणजे तुझा आळस शेवटी आपल्या कामी आला म्हणायचा." तू सोडून दुसरं कोणी हे म्हटलं असतं तर मी फोन आपटला असता.

उन्हाळ्यात येते म्हणालीस. तळ्याकाठच्या खोपीतली सॉना तापवू, वाफेत बसून आईच्या नावाने एकदा अंघोळ करू म्हणालीस. मी काल जाऊन बघून आले. दारापुढे छातीइतका बर्फ आहे, पण चूल धड आहे आणि आईची तांब्याची पळी खिळ्यालाच आहे. अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या जूनमध्ये बांधू.

मिसेस पेल्टननी परवा बोलावलं. साखरेत घोळून म्हणाल्या, तू दमली आहेस, घरी बस, पगार चालू राहील. मी विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, सुनावणी होईपर्यंत. मी म्हटलं, मग मी दमलेले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं इथलं खाल्लंस, त्याची तरी आठवण ठेव." मर्लिस, त्या बाईच्या टेबलावर माझ्याच हातचा पाव होता. मी तो उचलून घरी आणला. बालिश वाटेल, पण आणला.

आणखी एक. मिस व्हिटेकरांनी कंपनीकडून टॅबलेटची नोंद मागवली आहे. कुठलं पान किती वेळ उघडं होतं, हे म्हणे ते यंत्र आपणहून लिहून ठेवतं. त्या खूश आहेत. लवादाचं पान चार-चार सेकंद उघडं असेल तर वेगळा पुरावा कशाला हवा.

चांगलंच आहे ना.

डार्लीन


१९ मार्च

मर्लिस,

नोंद आली. बासष्ट कुटुंबांची पानं चार सेकंद, पाच सेकंद, ओयांचं तीन. आईचं पान अकरा मिनिटं.

आता तुला कोड्यात ठेवत नाही. मी तुला खोटं लिहिलं होतं.

त्या दिवशी आई माझ्याच टेबलापलीकडे बसली होती, मांडीवर पर्स, पायात मी विणलेले लोकरी मोजे. मी सही केली, बटणं दाबत सुटले आणि एकेचाळिसाव्या पानावर बोट थांबलं. तिथे आईचं नाव छापून आलं होतं. ऐली मारिया लाहती. नऊ वर्षांत मी ते पान पहिल्यांदा वाचलं. वर जाऊन पुन्हा वाचलं. 'इतरांसोबत दावा करण्याचा हक्क सोडत आहे.' 'खोलीत झालेलं काहीही बाहेर उघड करता येणार नाही.' मला सगळं कळलं. कायद्याची भाषा अवघड असते म्हणतात. ते पान मुळीच अवघड नाही. वाचलं की कळतं. म्हणूनच ते एकेचाळिसावं.

आई कंटाळली. म्हणाली, "एवढं काय वाचतेस गं? रोज तूच देतेस ना लोकांना?"

मी म्हटलं, हो.

"मग रोज देतेस ते आज वाचायला लागतंय होय?"

ती सहज म्हणाली. शाळेच्या भटारखान्यात जन्म काढलेली बाई, आपण जे वाढतो ते आपण चाखलेलं असतंच, असं तिला वाटायचं. मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना. मी 'मान्य' दाबलं. नाही दाबलं असतं तर मिसेस पेल्टननी विचारलं असतं, शंभर टक्क्यांत तुझीच आई कशी कमी? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढचं याहून वाईट आहे. मागे घ्यायचा अर्ज मी छापून घेतला होता. तीस दिवसांतला पंचविसावा दिवस, तू थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली होतीस. आपण दोघी आईच्या खाटेशी बसलो होतो, तू तिला भोपळ्याची गोड पाई भरवत होतीस, आणि अर्ज माझ्या पर्समध्ये होता. तुला दाखवला असता तर तू तिथल्या तिथे द्यायला लावला असतास. म्हणून नाही दाखवला.

आणि सगळ्यात वाईट हे, की त्यानंतरही मी दोन वर्षं ते काम केलं. आईच्या आधी मला माहीत नव्हतं. आईच्या नंतर मला अक्षरन् अक्षर माहीत होतं, आणि तरी मी म्हणत राहिले, बाकीचं मी बघते, तुम्ही त्यांच्याजवळ बसा. ओया आईच्या नंतरचे आहेत. त्यांचे तीन सेकंद सगळ्यांत कमी. हात बसला होता.

याला माया म्हणतात का ते तू सांग.

डार्लीन


२ एप्रिल

मर्लिस,

काल फोनवर तू जे म्हणालीस ते लिहून काढते, म्हणजे दोघींनाही नाकारता यायचं नाही. तू म्हणालीस, "अकरा मिनिटं उघडं होतं म्हणजे तू वाचलंस असं कुठे लिहिलंय? टॅबलेट टेबलावर ठेवून आईला कॉफी आणायला गेले होते म्हण. एक कप कॉफी, डार्लीन. एवढंही तुझ्याच्याने होणार नाही?"

वर म्हणालीस की तीस दिवस गप्प बसलीस, आता एवढं एकदा खोटं बोल.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला लगेच कळलं होतं की कॉफीचं चालून जाईल. भरतीच्या खोलीबाहेरच यंत्र आहे. कोण विचारणार? आई तर नाही. आणि मग तू जूनमध्ये येशील, आपण सॉना तापवू, आईचं नाव इतर बासष्टांबरोबर उघड्या कोर्टात वाचलं जाईल. मला दुसरं काही नको होतं.

पण मागे घ्यायचा तो अर्ज मी होमच्या संगणकावर माझ्याच नावाने उघडून छापला होता. तेही कुठल्यातरी यंत्राने लिहून ठेवलं असेल. ज्या दिवशी कंपनीच्या वकिलाला ते सापडेल, त्या दिवशी तो न्यायाधीशांना म्हणेल, ही बाई आईबद्दल खोटं बोलली, मग ओयांबद्दल खरं कशावरून? बासष्ट जणांकडे माझ्या शब्दाशिवाय काय आहे? चार सेकंदांचं काय, भरभर वाचणारे असतात, असंही ते म्हणतील.

आणि सापडलं नाही तरी. मी लोकांच्या वतीने खूप दाबलं. आता आईच्या वतीने आणखी एक 'मान्य' दाबायचं नाही.

तुला राग येईल, यायलाच हवा. मलाही तुझा आहे, विसरू नकोस. तू वर्षातून एकदा भोपळ्याची पाई घेऊन यायचीस आणि मला कॉफीची युक्ती सांगतेस. पण माझ्यावरचा तुझा राग खरा आहे आणि तुझ्यावरचा माझा थोडा सोयीचा. एवढं मला कळतं.

सोमवारी सुनावणी. मी खरं सांगणार आहे. आधी तुला कळावं म्हणून लिहिलं.

डार्लीन


११ सप्टेंबर

मर्लिस,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तू हायवेवरच्या त्या हॉटेलात उतरणार आहेस असं मिस व्हिटेकरांकडून कळलं, तिथल्या काउंटरवर ठेवते आहे. उद्या सकाळी दहाला त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत आपली तारीख आहे. एका निवृत्त न्यायाधीशांना लवाद नेमलंय. कंपनीचे तीन वकील असतील. आपल्या बाजूने मिस व्हिटेकर, तू, आणि साक्षीला मी.

कोर्टात काय झालं ते तू वाचलं असशील, पण माझ्याकडून ऐकलेलं नाहीस. कंपनीच्या वकिलाने मला बासष्ट नावं एकेक करून विचारली. त्याला वाटलं मी मध्येच अडखळेन. मी प्रत्येकाची बटणं, कोट, कोण रडत होतं, सगळं सांगितलं. मग तो हसून म्हणाला, "आणि तुमच्या आईच्या वेळीही पान दाखवलं नसेलच?" मी म्हटलं, पाहिलं. वाचलं. दोनदा. तीस दिवसांचं माहीत होतं. अर्ज छापला आणि दिला नाही.

तो माणूस बसलाच खाली. न्यायाधीशांनी जूनमध्ये निकालात लिहिलं की स्वतःच्या विरुद्ध इतकं बोलणारी बाई दुसऱ्यांसाठी खोटं बोलेल असं वाटत नाही. बासष्ट कुटुंबांचा करार रद्द. त्यांचा दावा उघड्या कोर्टात, एकत्र. ऐली लाहती यांचा करार मात्र जाणूनबुजून केलेला, तो बांधील आहे. तो लवादाकडे, एकटा.

निकालाच्या दिवशी ओया माझ्या दारात आले. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी पेस्टीची पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "आत नाही येत. माझा राग गेलेला नाही." मी म्हटलं, जाऊ देऊ नका. मग पायरीवर बसून दोघांनी खाल्ल्या.

तू जूनमध्ये आली नाहीस. मी सॉना तापवली नाही.

आता या पत्राचं कारण. त्या कागदात एक कलम आहे, मी लिहिलं होतं तुला. उद्या त्या खोलीत जे बोललं जाईल ते तुला, मला, कोणालाच बाहेर सांगता येणार नाही. ते आपल्यापुरतंही पुसलं जाईल. पण उद्या दहा वाजेपर्यंत माझं तोंड माझं आहे. म्हणून उद्या आत जे सांगणार आहे ते आज बाहेर सांगते.

आमच्या आईला एकोणीस दिवस अंघोळ घातली नाही. अंघोळीच्या तक्त्यावर एकोणीस चौकोन रिकामे आहेत. जन्मभर दर शनिवारी सॉनात जाणारी बाई. मी रोज दुपारी अर्धा तास तिच्याजवळ बसायचे आणि ती रोज विचारायची, "आज शनिवार का गं?" मी सांगायचे, नाही आई, आज मंगळवार. आज गुरुवार. मला वाटलं ती वार विसरायला लागली. ती अंघोळ मागत होती.

संध्याकाळी तिच्या घंटेला सरासरी पन्नास मिनिटांनी कोणी यायचं. तिच्या डाव्या टाचेला जखम झाली ती हाडापर्यंत गेली, आणि तिचं विष अंगभर पसरून ती गेली. जखमेची नोंद पहिल्यांदा झाली तेव्हा ती चार आठवड्यांची होती. ते चार आठवडे मी रोज तिथे होते. पायात मी विणलेले मोजे होते. छान बसलेत, म्हणायचे. मी मोजा काढून बघितलं नाही.

माणसं कमी केली ती कंपनीने, ते मी उद्या ओरडून सांगेन. सव्वीसांमागे एक बाई, ती दोन पाळ्या सलग करणारी. तिचा दोष नाही. सगळं त्या कंपनीने केलं. मोजा मी काढला नाही. दोन्ही खरं आहे, आणि पहिलं आहे म्हणून दुसरं कमी होत नाही, दुसरं आहे म्हणून पहिलं तर मुळीच नाही.

उद्या माझ्याशी बोलायला हवंच असं नाही. खुर्च्या लांब ठेवल्या तरी चालेल. आपण दोघी आत जाऊ तेव्हा आईचं म्हणून जे काही आहे ते त्या खोलीत बंद होणार, फक्त हे पत्र बाहेर राहील. ते आजच्या तारखेचं आहे. कलमाच्या आधीचं. ते तुझं आहे, हवं त्याला दाखव. चर्चच्या तळघरात भिंतीवर लाव. मिसेस पेल्टनना पाठव.

आणि ओयांना दे. देऊ नकोस, वाचून दाखव, सावकाश, शेवटपर्यंत. त्यांचा चष्मा गाडीत असेल.

डार्लीन